बगळा एकच की अनेक

माझ्या भावानं आयुष्यात मेथीची एकही जुडी बांधलेली नाही. हे वाक्य मी मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं आहे, की एव्हाना त्याची धार जायला हवी होती. गेलेली नाही.

वाशिमच्या बाहेर, मंगरूळच्या रस्त्याला आमचा भाजीचा मळा आहे. मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, कडेला वांगी. दुपारून भाजी उपटायची, मुळं धुवायची, सुतळीनं जुड्या बांधायच्या आणि पहाटे बाबांनी त्या गाडीवर घालून हर्राशीला, म्हणजे लिलावाला, न्यायच्या. जुड्या बांधायचं काम आईचं आणि माझं. मी दहावीच्या आधीपासून बांधते आहे. भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तो अकोल्याला शिकायला होता. सुट्टीत आला आणि आईनं हाक मारली, की म्हणायचा, "सुतळीनं माहे हात कापतात वं." आणि आई त्याचे हात हातात घेऊन बघायची. माझे कधी बघितले नाहीत. बघितले असते तरी दिसण्यासारखं काही उरलं नव्हतं, कातडी कधीच निबर झाली होती.

पण आमच्या दोघांचं जमायचं, ते एका गेममुळे. होस्टेलमधल्या कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर त्यानं घरी आणला होता आणि त्यात या गेमचे पहिले दोन भाग होते. पहिला भाग निघाला तेव्हा मी बालवाडीतही जात नव्हते. पुढे आम्ही एकेक करत सहाही भाग मिळवले. दुपारी मळ्यातलं काम आटोपलं आणि लाइन असली, की मी बसायचे. तो असला तर आळीपाळीनं, नसला तर एकटी.

गेमची गोष्ट थोडक्यात अशी. समुद्रात अर्धा बुडालेला एक देश, त्यात कधीच न संपणारी लढाई आणि दोन्ही बाजूंचे हेर. हेरांना नाव नसतं, फक्त सांकेतिक नाव असतं, एखाद्या पक्ष्याचं. आपण ज्याला खेळवतो त्याचं सांकेतिक नाव इंग्रजीत आहे, पण आम्ही मराठी खेळणारे सगळे त्याला बगळा म्हणायचो. बगळा सहाही भागांत आहे. तोंडाला कायम फडकं गुंडाळलेलं. आवाज मात्र भागाभागात बदलतो आणि मधे वर्षंच्या वर्षं जातात. त्यामुळे या गेमच्या चाहत्यांमधे एकच भांडण सगळ्यात जुनं. बगळा हा पहिल्यापासून एकच माणूस आहे, की एक गेला की ते नाव दुसऱ्याला देतात? बनवणाऱ्यांनी कधी सांगितलं नाही. आमच्या मराठी ग्रुपवर यावरून दोन फळ्याच होत्या. एकवाले आणि अनेकवाले. या भांडणात लोकांनी एकमेकांच्या मायबापाचा उद्धार केलेला मी वाचला आहे.

ग्रुपवर आमचं खातं एकच होतं. भावाच्या नंबरावर उघडलेलं, पण चालायचं दोघांच्याही फोनवर. नाव ठेवलं होतं अंबाडी. तो लिहायचा म्हणजे काय, तर हसरी तोंडं आणि "लय भारी". लांबलचक लिहायचं ते मी लिहायचे. सगळे 'अंबाडी भाऊ' म्हणायचे. मी ते दुरुस्त केलं नाही. हा माझा दोष आहे आणि तो मी नाकारत नाही. पण ग्रुपवर एकदा एक मुलगी मुलगी म्हणून आली होती. तिनं दारूगोळ्याबद्दल एक साधा प्रश्न विचारला, तर तिला पहिलं उत्तर आलं, "फोटो टाक." दुसरं आलं, "बॉयफ्रेंडनं शिकवलं का?" आठवड्याच्या आत ती गेली. ते वाचल्यावर मी भाऊच राहिले.

आता गाठीचं सांगते. पहिल्या भागाच्या शेवटी बगळा एका खाडीत लपवलेली होडी खुंटाला बांधतो. दोर अंगठ्याखालून घेतो, एक पीळ देतो आणि टोक दुमडून आत खोचतो. चार सेकंदांचा देखावा आहे. चौथ्या भागात बगळा त्याच खाडीत परत येतो. तीच होडी, तोच खुंट, तीच गाठ. तो बोटांनी गाठ चाचपतो, एक टोक ओढतो, गाठ आणखी आवळली जाते. मग सुरी काढून दोर कापतो आणि निघतो. हजारो लोकांनी हे पाहिलं होतं. सगळे म्हणायचे, दोर कुजला असेल, घाई असेल.

मी मात्र हातातलं सोडून तशीच बसून राहिले. कारण ती गाठ मी रोज मारत होते. जुडीची गाठ अशीच असते. बांधली की घट्ट, आणि गिऱ्हाइकानं बरोबर टोक ओढलं की एका झटक्यात मोकळी. खोचलेलं टोक बाहेर दिसतच असतं. चौथ्या भागातल्या बगळ्यानं भलतंच टोक ओढलं होतं. ज्यानं ती गाठ मारली त्याला ती कशी सुटते हे डोळे मिटून कळलं असतं. आपण मारलेली गाठ कोणी सुरीनं कापतं का?

त्यानंतर पंधरा दिवस मी सहाही भाग पुन्हा पाहिले, फक्त बगळ्याच्या हातांसाठी. तो जिथं जिथं काही बांधतो ती प्रत्येक जागा बीएस्सीच्या प्रॅक्टिकलच्या वहीत मागून लिहिली. पहिल्या तीन भागांत एक माणूस. चौथ्या-पाचव्यात दुसरा. सहाव्यात तिसरा, तो डावखुरा. मग मी ते सगळं मराठीत, सविस्तर, मेथीच्या जुडीसकट लिहिलं आणि ग्रुपवर टाकलं.

दोन दिवस फोन थांबला नाही. एकवाले चवताळले, अनेकवाल्यांनी डोक्यावर घेतलं. अनेकवाल्यांचा पुढारी अमरावतीचा होता, तोच ग्रुपचा ऍडमिन. त्यानं ती पोस्ट ग्रुपच्या माथ्यावर टाचून ठेवली आणि लिहिलं, "अंबाडी भाऊ, इतक्या वर्षांचं भांडण मिटवलं तुम्ही." भावाचा अकोल्याहून फोन आला. "अवं, हे तू कवा शोधलं? मले तं दिसलंच नाई!" तेव्हा त्याच्या आवाजात जो आनंद होता तो खरा होता. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

वर्षभरानं तो वाशिमलाच नोकरीला आला. तेवढ्यात ग्रुपमधल्या पोरांनी ठरवलं, विदर्भातल्यांनी एकदा भेटायचं. कुठं? तर अंबाडी भाऊच्या गावाला. रविवार ठरला. बसस्थानकाजवळच्या एका हॉटेलात वरच्या मजल्यावरची खोली भावानं सांगून ठेवली. मला म्हणाला, "तू बी चाल. सगळ्याइले सांगू आपुन, अंबाडी कोन हाये थे. पाह्य मंग कसे तोंडं होतात एकेकाचे."

हे तो म्हणाला होता. आमच्या ओसरीवर, चहा पिता पिता. मी काही मनातून रचून सांगत नाही.

मी चार दिवस मनात बोलायची तयारी केली. पण नेमक्या त्या रविवारी जऊळका गावातल्या एका लग्नाची भाजी सांगितलेली होती. बाबा म्हणाले, "जुड्या करून दे आन जाय." भाऊ अकरालाच तयार होऊन निघून गेला, पाहुणे येणार म्हणून. मी आणि आई दीडपर्यंत बांधत बसलो. निघताना आईनं उरलेली सुटी मेथी पिशवीत कोंबली, वर सुतळीचं गुंडाळं टाकलं. म्हणाली, "जाता जाता मावशीकडं देजो." कपडे बदलले, पण नखांतला हिरवा रंग काही जाईना. तशीच गेले.

जिना चढताना भावाचा आवाज ऐकू आला. खोलीत चौदा-पंधरा पोरं होती, समोशांच्या रिकाम्या प्लेटा, आणि मधे भाऊ उभा. सगळे मान वर करून त्याच्याकडे पाहत होते. तो म्हणत होता, "...म्हंजे मी रोज मेथीच्या जुड्या बांधतो न, म्हून मले थे एकदम दिसलं. म्हटलं, अबे, हे गाठ तं आपली हाये!"

मी दारातच थांबले. मला वाटलं, आता माझ्याकडे बघेल आणि हसेल. म्हणेल, बघा, फसवलं तुम्हाला, खरी अंबाडी ही. खरंच वाटलं. त्यानं पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "हे माही बहीन. हिले बी थोडा नाद हाये गेमचा."

थोडा.

एकानं उठून मला खुर्ची दिली. दुसऱ्यानं विचारलं, "ताई, तुमी कोणता भाग खेळल्या?" मी पिशवीतली मेथी काढली आणि समोशांच्या प्लेटा सरकवून टेबलावर टाकली. बाजूला सुतळी ठेवली.

"दादा, एक जुडी बांधून दाखव."

पोरं हसली. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. एकानं तर फोन काढला. "दाखवा भाऊ, दाखवा! बगळ्याची गाठ!"

"आता कायले?" भाऊ म्हणाला.

"रोज बांधतं न. बांध."

त्याला बांधावी लागली. त्यानं मेथी मुठीत धरली तीच उलटी, मुळं एकीकडे नि शेंडे भलतीकडे. सुतळी दोनदा गुंडाळली आणि बुटाच्या नाडीला मारतात तशी गाठ मारली. उचलली तर निम्मी मेथी खाली सांडली. हसणं थांबलं. माझ्या हातांना आता थांबवणं शक्य नव्हतं. मी ती सांडलेली मेथी गोळा केली, मुळं टेबलावर आपटून सारखी केली, अंगठ्याखालून सुतळी घेतली, पीळ, खोच. ऍडमिनच्या पुढ्यात जुडी ठेवली आणि म्हटलं, "हे टोक वढा." त्यानं ओढलं. गाठ सुटली.

यवतमाळहून आलेला एक जण हळूच म्हणाला, "म्हंजे थे पोस्ट तुमी लिहिली, ताई?"

"हो."

"काहून तमाशा करून राह्यली?" भाऊ दातओठ खात म्हणाला. "खातं दोघाचं हाये. घरी बोलू."

मला वाटलं होतं आता त्याची छी-थू होईल. झालं वेगळंच. ऍडमिननं दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "अरे, पण फरक काय पडते? अंबाडी तं एकच हाये न! खातं एक, नाव एक. मांगं कोन बसलं हाये थ्याच्याशी आपल्याले काय करायचं?"

"नाई, तसं नाई," एक एकवाला पेटला. "तुमीच तं म्हनता नाव एक असलं तरी मानूस वेगळा!"

"थे गेममधे! हे घरचं हाये. भाऊ-बहीन."

"मंग अर्धी थिअरी भाऊची धरा, अर्धी ताईची."

"खातं कोनाच्या नंबरावर हाये?"

आणि ते भांडायला लागले. माझ्यासमोर. अंबाडी एक की अनेक, यावर. दोन्ही बाजूंनी मुद्दे येऊ लागले, कुणी जुन्या पोस्ट शोधायला लागलं, कुणी शुद्धलेखनावरून ओळखू म्हणालं. मी तिथंच उभी होते, नखांत मेथीचा हिरवा रंग घेऊन. माणूस समोर उभं असताना ते खात्यात माणूस शोधत होते. मला कोणीही विचारलं नाही.

मी टेबलावर हात आपटला. कप पडला, चहा ऍडमिनच्या पँटवर गेला, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. "कॉम्प्युटरमधल्या बगळ्यासाठी तुमी रात्रंदिवस भांडता," मी म्हटलं. "थो खोटा हाये. थ्याचे हात खोटे हायेत. थ्याच्यामांगचे तीन मानसं तुमाले वेगळे पाह्यजेत, तिघाचाही हिशोब पाह्यजे. आन मी खरी उभी हावो, तं म्हनता फरक काय पडते?"

भाऊ खिडकीबाहेर बघत होता. मी मेथी तिथंच टाकली आणि खाली उतरले. रडले नाही. मला रडू आलंच नाही, याचं मलाच नवल वाटलं.

घरी आईला सांगितलं. ती भांडी घासत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मंग काय झालं वं? तुह्या भावाचंच नाव झालं न. घरातल्या घरातच राह्यलं."

"माह्यं का नाई झालं?"

"तुले काय करायचं नाव घेऊन? तू तं दोन वर्षांनं सासरी जाशीन."

बाबांनी ऐकलं आणि ते विहिरीवरची मोटार चालू करायला निघून गेले. त्या घरात त्या दिवशी माझ्या बाजूनं उभं राहणारं कोणी नव्हतं, हे मी लिहून ठेवते. मी जन्मभर त्या घरची भाजी बांधली होती.

भावाशी मी बोलणं टाकलं. अंबाडी माझ्या फोनवरून काढून टाकलं, माझ्या नावानं वेगळं खातं उघडलं, ग्रुपवर लिहिलं की गाठीची पोस्ट माझी आहे, आणि वहीच्या पानांचे फोटो टाकले. पंधरा मिनिटांत पहिलं उत्तर आलं, "अंबाडी भाऊंचं ढापू नका." वीस-बावीस तशीच आली. त्या खोलीत बसून जुडी सुटलेली पाहिलेली पोरं ते वाचत होती. यवतमाळच्या एकट्यानं लिहिलं, "मी होतो तिथं, ताई खरं बोलतात." त्याला ऍडमिननं गप्प केलं, मला काढून टाकलं. अंबाडीनं यावर एक अक्षर लिहिलं नाही. भावाच्या फोनवर सगळं दिसत होतं, निळ्या खुणा दिसत होत्या. एक ओळ लिहायची होती. एक. त्यानं ती लिहिली नाही.

पुढं आम्ही बोलायला लागलो, कारण एका घरात राहून न बोलणं फार दिवस चालत नाही. विहिरीची मोटार जळली, बोलावंच लागलं. त्याचं लग्न झालं, मी सगळी कामं केली. मला जऊळक्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला मिळालं आणि मी तिकडे खोली घेतली. गेम मी एकटी खेळत राहिले. ग्रुपवर परत गेले नाही, पण यवतमाळचा मुलगा अधूनमधून काही पाठवायचा.

मग गेल्या वर्षी सातवा भाग आला. आणि बनवणाऱ्यांनी इतक्या वर्षांनी अखेर सांगून टाकलं. बगळा एकच माणूस आहे. तिसऱ्या भागानंतर त्याच्या डोक्याला मार बसला, आधीचं सगळं तो विसरला, म्हणून त्याला स्वतःची गाठ सुटली नाही.

मी तो देखावा दोनदा पाहिला आणि मला त्या बनवणाऱ्यांचाही राग आला. आमचे आबा, बाबांचे वडील, शेवटची दोन वर्षं सगळं विसरले होते. मला माझ्या आत्याच्या नावानं हाक मारायचे, जेवले का हे त्यांना आठवायचं नाही. पण पुढ्यात मेथी टाकली की जुडी बांधायचे. सुबक, बाजारात जाईल अशी. बांधायचे, टोक ओढून सोडायचे, परत बांधायचे. डोकं विसरतं, हात विसरत नाहीत. हे त्या कंपनीत कुणाला माहीत असायचं कारण नाही, पण विचारायला काय झालं होतं?

त्याच आठवड्यात यवतमाळच्या मुलानं मला ग्रुपवरचा एक स्क्रीनशॉट पाठवला. एकवाल्यांचा जल्लोष चालू होता. अंबाडी भाऊची थिअरी तोंडावर आपटली, मेथीवाला फसला, असलं बरंच. आणि त्याखाली अंबाडीनं, म्हणजे भावानं, लिहिलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चार शब्दांहून जास्त. "मित्रांनो, ती थिअरी खरं म्हणजे माझ्या बहिणीची होती. मी फक्त टाकली होती."

मी शाळेच्या मधल्या सुट्टीत होते. डबा तसाच बंद केला आणि मैदानाच्या कडेला जाऊन त्याला फोन लावला.

"हे काय लिहिलं तू?"

"पाह्यलं का?" तो खुशीत होता. मी शपथेवर सांगते, तो खुशीत होता. "अवं, तूच म्हने न, माह्यं नाव कोनी घेत नाई म्हून. मले कित्येक दिवसापासून मनात खटकत होतं. आता सांगून टाकलं सगळ्याइले. मले वाटलं, तुले बरं वाटन."

थट्टा नव्हती त्यात. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. इतक्या वर्षांत जेवढा राग आला नव्हता तेवढा त्या एका वाक्यानं आला. जाणूनबुजून केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

"लोकं थिअरीले शिव्या देऊन राह्यले म्हून सांगतलं न तू?" मी म्हटलं.

"नाई वं. असं कसं? सांगाचंच होतं मले."

"मंग हॉटेलात काहून नाई सांगतलं? दाराशी उभी होती मी."

मागे त्याच्या ऑफिसातला पंखा ऐकू येत होता.

"तवा सगळे माह्याकडं पाहून राह्यले होते वं," तो शेवटी म्हणाला. "कोनी पाह्यलं नव्हतं तसं, कधी."

पहिल्यांदा तो खरं बोलला. मी म्हटलं, "माह्याकडं बी कोनी पाह्यलं नव्हतं, दादा." आणि मग घंटा झाली, मला सातवीच्या वर्गावर जायचं होतं. फोन ठेवताना तो म्हणाला, दिवाळीला येशीन न. मी हो म्हटलं. गेलेही. वहिनीनं केलेला चिवडा खाल्ला, आईचे गुडघे पाहिले. तो कॉम्प्युटर चालू करून म्हणाला, "सातवा लावू का?" मी नाही म्हटलं.